हिराबाई, लोहगडवाडी

८ नोव्हेंबर
आज स्वतःचीच पाठ थोपटली. लोहगडवाडीत भाकरीचा स्टॉल चालवणाऱ्या हिरामावशींचा मी काढलेला फोटो पवनेकाठच्या एका रिसॉर्टला हवाय. हायवेवर मोठ्ठा बोर्ड! आजवर नुसते पासपोर्ट साइज न् प्री-वेडिंग. फोटो वापरायच्या परवानगीच्या, म्हणजे रिलीज फॉर्मवर मावशींची सही तेवढी हवी.

१० नोव्हें.
वाडीला गेले. फॉर्म वाचून दाखवला : फोटो कुठंही, कायमचा वापरणार.
"कायमचा? मी गेल्यावर बी?" मावशी म्हणाल्या. "इचार करते. तवर तुझ्या स्टुडिओभाईर लाव. बघू लोकं काय म्हंत्यात."
लगेच फ्लेक्स छापला. ब्लॅक अँड व्हाइट. काय देखणा दिसतोय!

१२ नोव्हें.
अगं आई गं. टाकव्याहून मावशींची बहीण, चार नातेवाईक घेऊन, रडत थेट स्टुडिओत. काळापांढरा चेहरा, एवढा मोठा, ना वाढदिवस ना निवडणूक. म्हणजे श्रद्धांजलीच की! मावळात जन्म गेला माझा, तरी डोक्यात आलं नाही. मावशींना फोन लावून स्पीकरवर टाकला.
"आगं जित्ती हाय मी! गिऱ्हाईक हाय, ठिव फोन."
फ्लेक्स उतरवला. सही गेली बहुतेक.

१३ नोव्हें.
माफी मागायला गेले. मावशी हसतायत! "रडली म्हंजी किंमत हाय माझी." सही देतील, पण फोटो रंगीत हवा आणि त्यावर नाव. "हिराबाई, लोहगडवाडी, आसं लिव्ह. नाव आसतं तर घोळ झाला नसता. कोण हाय, कुटली हाय, कळू दे समद्यांना."
ती अट फॉर्मवर हातानं लिहिली. खाली त्यांची सही, एकेक अक्षर जुळवून. ऊर भरून आला.

१६ नोव्हें.
रिसॉर्टचा फोन. रंगीत चालेल, नाव नाही. "मॉडेलचं नाव कोण टाकतं मॅडम? नाहीतर दुसरी मावशी बघतो."
मॉडेल म्हणे! मावशींना कळवलं.
"घिऊ दे दुसरी. तुला वाईट वाटतंय व्हय?"
खोटं कशाला बोलू, लय वाटतंय म्हटलं. तरी रिसॉर्टला लिहून टाकलं, नावासकट घ्या, नाहीतर फोटो मिळणार नाही. या फोटोचा इतका अभिमान काढला तेव्हासुद्धा वाटला नव्हता.

१८ नोव्हें.
रिसॉर्टनं मेसेज वाचलाय. उत्तर नाही.
दुपारी मावशींचा फोन. "काय म्हनले?"
काहीच नाही, म्हटलं.
"घाबरू नगं. माझं त्वांड हाय, मीच ठरवनार."
फोन ठेवून परत मेसेज बघितला. मग स्टुडिओबाहेर लावायला रंगीत फ्लेक्स छापायला टाकला, नावासकट.