तेलात मेण कुठून आलं

६ नोव्हेंबर ९५, सोमवार
आलेख निघाला! आमच्या प्रयोगशाळेच्या रेड्डींनी आसामकडच्या डोंगरातून आणलेल्या तेलात भरपूर मेण. मेण म्हणजे झाडापाल्याचं तेल, म्हणजे वरचा कोळशाचा खडक. तेल ह्या वरच्या खडकातलं की खालच्या समुद्री खडकातलं, ह्यावर डोकं पिकलं होतं. सुटले एकदाची. सर म्हणाले, "शुक्रवारी सतराला कंपनीवाल्यांपुढे तुम्हीच बोला." सरकारने तेल शोधायला खाजगी लोक बोलावले, त्यामुळे माझंही नशीब उघडलं. आजवर आकडे माझे, भाषण सरांचं.

जेवताना सासूबाईंना सांगितलं, तेल झिरपतं एकीकडे, जन्मतं भलत्याच खडकात, आणि त्याच्या रसायनावरून तो खडक ओळखायचा. "म्हणजे माहेर शोधायचं. एवढंच ना?" एवढंच!

८, बुध
नारायणगुड्याला बसची वाट बघताना एकदम आठवलं. उघड्यावर पाझरलेल्या तेलातलं मेण जंतू सगळ्यात आधी फस्त करतात. मग ह्यात इतकं उरलं कसं? नव्या पोरांना मीच शिकवते हे. आनंदाच्या भरात विसरले.

९, गुरु
रेड्डींना विचारलं, बाटली बंद कशी केलीत? मोठ्या अभिमानाने म्हणाले, "रेल में टपकना नक्को बोलके ढक्कन कू मोमबत्ती पिघलाके लगाया मॅडम. एक बूंद नै गिरा!"
मेणबत्ती. मी मेणबत्तीचा खडक शोधून काढला होता! आधी रडू येणार होतं, पण हसूच आलं, मग रेड्डीही हसले. त्याच तेलाची आणखी एक बाटली आहे म्हणे. तिच्यापर्यंत मेणबत्ती संपली, म्हणून नुसती फॉइल लावली. सिकंदराबादेपर्यंत ती थोडी गळली, ट्रंकेतले शर्ट गेले, बायको अजून बोलत नाही. म्हणून लाजून कपाटात मागे ठेवलेली. धन्य आहे.
सरांना सांगितलं. "आता सतराचं काय?"
"बोलेन," म्हटलं. म्हटलं खरं.

१४, मंगळ
दुसरी बाटली तपासायची, तर मशीनला रांग. वीज गेली, आली, गेली. हे म्हणतात, "दोनच तर खडक. वरचा नाही तर खालचा. सांगून मोकळी हो." बँकेत चालत असेल असं.

१६, गुरु
दुसऱ्या बाटलीचा आलेख आला. मेणाचा मागमूस नाही. पण जंतूंना न पचणारं जे मागे उरतं, ते वरच्याशीही जुळत नाही आणि खालच्याशीही नाही. पुन्हा ताडून पाहिलं, तेच. सर म्हणाले, "खालच्याशी साधारण जुळतं म्हणा, त्यांना चालेल." साधारण तर मी शेजारच्या शांताबाईंशीही जुळते. उद्या काय बोलू? भीती वाटते आहे, आणि झोपावंसंही वाटत नाही.

१७, शुक्र
बोलले! मेणबत्तीपासूनच सुरुवात केली. खोली हसली, सगळ्यात जास्त रेड्डी. मग सांगितलं, हे तेल दोन्ही खडकांचं नाही. कंपनीच्या बड्या साहेबांनी विचारलं, "फिर किसका है?"
"तिसरे का. किसीने देखा नहीं. शायद और नीचे."
"शायद?"
"खोदेंगे तो बताऊंगी."
सर खोकले. साहेब चहा न घेताच निघाले. संपलं सगळं, असं धरून मी आलेख गुंडाळत बसले.
पाचला सरांनी बोलावलं. चेहऱ्यावरून काही कळेना. साहेबांचा फोन होता. खोदायचं तर कुठे, ते त्या बाईंनाच विचारा म्हणे.
घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. सासूबाई ताटं घेऊन खोळंबल्यात. पेन्सिल हातात आहे, कुठे टेकवायची ते अजिबात कळत नाही. फार मजा येतेय.