मुरलेला रस आणि रंगवलेला रस

लिहून ठेवणार : लिम बी हून, वय एकसष्ट, धंदा व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचा, रस तयार करणे, राहणार इपोह, मलेशिया. गाठ माझ्या पोटात आहे, डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझा धाकटा भाऊ बून तेक या मृत्युपत्राला हरकत घेणार, म्हणून कारणेही देते.

१. बिस्किटांच्या कारखान्यात बावीस वर्षे स्वाद मिसळल्यावर मी भावाच्या भागीदारीत हा धंदा काढला. आमचा कस्टर्डच्या स्वादाचा रस ताजा असताना पाण्यासारखा दिसे व नाकाला झोंबे. अंधाऱ्या कपाटात निवांत मुरला, की व्हॅनिलामुळे त्याला मधाचा रंग चढे आणि चव एकजीव होई. आंब्याच्या स्वादाचा रस आठवड्याभरात तयार होतो, कस्टर्ड होत नाही. हे भावाला तीनशे वेळा सांगितले.

त्याने बाटल्या गरम पाण्यात उकडल्या. रंग आला, वास उडाला. पुढे तेवढेही कष्ट नकोत म्हणून कच्च्या रसात जळकी साखर घालू लागला. मी जाब विचारला तेव्हा आरशासमोर केस विंचरत म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक रंग बघतं. चव कळायला जीभ लागते, ती आहे कुणाला?"

साखरेचे मला त्याची बायको मेई फोंग हिने सांगितले. त्याआधी टॅक्सीवाले मुत्तय्या येऊन गेले होते. माझ्या कस्टर्डवर त्यांनी दिवसाच्या चाळीस सिगारेटी सोडल्या होत्या. बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, घसा जळतोय. हे तुमच्या हातचं नाही." खिशातून सिगारेटचे पाकीट डोकावत होते. मेई फोंगकडून खरे कळताच मी चारशे बाटल्या मोरीत ओतल्या. भाऊ दुकानाची पाटी घेऊन वेगळा झाला. आता तिच्यावर रंगीत दिवे लावले आहेत. दिवे चांगले आहेत.

२. माझे राहते घर मेई फोंग हिला, तिच्या एकटीच्या नावावर. खरे बोलल्याबद्दल तिने वर्षभर नवऱ्याचा अबोला सोसला. त्याला घरात घ्यावे की नाही, हे तिने ठरवावे.

३. वजनकाटा, कपाट व कृतींची वहीसुद्धा तिलाच. कच्चा रस ती नुसत्या वासावरून ओळखते.

४. ज्या पातेल्यात बाटल्या उकडल्या, ते बून तेक यास. त्यात त्याने नूडल शिजवाव्यात. तेवढे त्याला जमते, तेही पाकिटावर वाचून.

५. गेल्या मंगळवारी तो इस्पितळात आला, माझा हात धरून रडला. मला वाटले, माझ्यासाठी.

"ताई, गिऱ्हाइकं तुटली गं. कस्टर्डचं गुपित सांग ना."

"गुपित कसलं? सहा आठवडे थांबायचं."

"सहा आठवडे! एवढा वेळ कुणाकडे आहे?"

डॉक्टरांनी मला चार सांगितले होते. त्याला ते ठाऊक होते.

"तुझ्याकडे," मी म्हटले.

त्याने मान खाली घातली. हात मात्र मी सोडवून घेतला नाही. याचा अर्थ वरील कलमांत काही बदल झाला, असा कोणी काढू नये.

वाचून, समजून सही केली : लिम बी हून
आमच्यासमक्ष : नूरैनी बिंती वहाब, शेजारीण, सेल्वम पेरुमाळ, वकिलांचे कारकून
इपोह, १४ मार्च २०२३