नाव तू ठेव

प्रिय ताई,

काल प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलो होतो, नुसता बघायला. तिथे एक तपकिरी कुत्रा होता. सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "फार गरीब आहे हो. खेळकरही आहे. पण दोनदा लोकांनी नेला आणि परत आणून सोडला." मी बाकावर बसलो, तर त्या पठ्ठ्याने माझ्या बुटाची नाडी सोडली आणि वर साळसूदपणे बघत राहिला. आपला ढब्बू अस्साच करायचा. तू शाळेला निघालीस की तुझी रिबीन ओढायचा आणि तू ओरडायचीस, "मेल्या, उशीर होतोय!"

ढब्बू हरवला तेव्हा बाबांनी तुला फैलावर घेतलं. तू दोन दिवस जेवली नाहीस. ताई, त्या दिवशी फाटकाची कडी घालायला मी विसरलो होतो. तीस वर्षं हे सांगायला तोंड उघडलं नाही.

आज त्या कुत्र्याला घरी आणलंय. नाव तू ठेवावंस असं वाटतं. पण त्यासाठी हे पत्र टाकावं लागेल आणि अजून हात धजत नाही. तोवर मी त्याला नुसतं "ये रे" म्हणतो, आणि तो येतो.

तुझा,
धाकटा