आजीबाईचं वय

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. धाकटा माझ्याकडे रुळलाय, फक्त झोपताना दिवा मालवू देत नाही. परवा तुझी लाँड्री उघडली आणि गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे ज्याचे त्याला देऊन टाकले. एकाने आपला कोट माझ्या हातून घेतला आणि माझ्यादेखत समोरच्या कचरापेटीत टाकला.

हॉस्पिटलात तुला भेटून आले त्याला आठवडा झाला. बरा दिसलास. अंगावर मांस आलंय, झोप लागते म्हणालास, बागेत खुरपणी करू देतात म्हणालास. मी निघताना तू एक गोष्ट विचारलीस. तिचं उत्तर शेवटी लिहीन, आत्ता हात वळत नाही.

आधी तुझ्या लेकीची बातमी ऐक. पोर सोळाची आहे आणि आरोप खुनात साथ दिल्याचा, म्हणून तिचा खटला मुलांच्या कोर्टात चालवायचा की मोठ्यांच्या, हे ठरवायला एका समुपदेशक बाईंनी तिची तपासणी केली. घरचं कुणी बोलणार असेल तर या, म्हणाल्या. आमचा शहाणपणा बघ. शेजारच्या काकू, तिच्या वर्गशिक्षिका आणि मी, तिघी नटूनथटून तिचं कौतुक सांगायला गेलो. वहिनी गेल्यापासून घर हीच बघते, धाकट्याचा अभ्यास घेते, शाळेतून आली की तुझ्या दुकानात उभी राहते, आम्ही तर तिला लाडाने आजीबाईच म्हणतो. बाई मान डोलवत लिहून घेत होत्या. मला वाटलं, सुटली पोरगी.

अहवालात आलं, 'मुलगी वयापेक्षा प्रौढ असून आपल्या कृत्याच्या परिणामांची तिला पूर्ण जाण होती.' कशावरून, तर तू भागीदाराच्या डोक्यात इस्त्री घातल्यावर हिने शटर ओढलं, फरशी पुसली, तुझा शर्ट धुतला आणि घरी जाऊन भावाला जेवायला वाढलं. सरकारी वकील म्हणाले, "घरचेच हिला आजीबाई म्हणतात, मग आपण हिला मूल कसं म्हणायचं?" दोघंतिघं हसलेसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेलेली पोर स्वतःहून मोठी होत नाही, तिला आपण मोठं करतो, कारण ते आपल्याला सोयीचं असतं. आणि मग त्याच मोठेपणाचं बोट धरून तिला मोठ्यांच्या तुरुंगाच्या दारात नेऊन उभी करायची.

आता तुझं. तू पंचेचाळीसचा. तुझ्याबद्दल डॉक्टरांनी लिहिलं की त्या संध्याकाळी आपण काय करतोय हे तुला कळत नव्हतं आणि दुकानात शिरल्यापासूनचं तुला काही म्हणजे काही आठवत नाही. निकाल पुढच्या महिन्यात आहे, पण वकील निवांत आहेत. शिक्षा नाही व्हायची, उपचार होतील, म्हणतात. म्हणजे ज्याने मारलं त्याला काही कळत नव्हतं, आणि जिने पुसलं तिला सगळं कळत होतं. अशी वाटणी कुणाच्याच घशात कशी अडकत नाही, दादा?

तू आजारी होतास हे मी नाकारत नाही. भिंतीशी बोलायचास. भागीदार पाण्यात काहीतरी कालवतो म्हणून घोटभर पाणी पीत नव्हतास. आपण वेळीच हातपाय हलवले असते तर त्याची बायको आज कोर्टात समोरच्या बाकावर एकटी बसली नसती. इस्त्री उचलली तेव्हा तू तुझा नव्हतास, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. माझं भांडण त्यानंतरच्या घटकेशी आहे.

पोरीने जबाबात सांगितलंय की हे सगळं तिने आपल्या मनाने केलं. बुधवारी मी बालसुधारगृहात तिला भेटायला गेले. एवढ्या उकाड्यात तिने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. मी बाही वर सारली, तर मनगटाच्या वर भाजल्याची मोठी, चिघळत राहिलेली लाल जखम.

"हे कधी गं?"

"त्या दिवशी. इस्त्री चालू होती, आत्या. खाली पडली होती. कपडे पेटले असते, म्हणून उचलायला गेले."

"कुणाला दाखवलंस?"

"इथल्या बाईंनी विचारलं. स्वयंपाक करताना भाजलं म्हणाले."

"आणि बाबा?"

ती टेबलाची कड नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "बाबांनी माझा हात नळाखाली धरला. मग म्हणाले, शटर ओढ, फरशी पूस, कुणी विचारलं तर मी इथे नव्हतोच."

"मग हे वकिलांना सांग की."

"बाबांना काही आठवत नाही असं ठरलंय ना. मी सांगितलं तर त्यांना कळत होतं असं होईल. मग त्यांना तुरुंगात नेतील. तिथे नाही लागायची गं त्यांना झोप."

कळलं? आजीबाई तिथेही तुझ्याच झोपेची काळजी करतेय.

आता तुझा प्रश्न. दारापाशी हळूच विचारलं होतंस, "तिच्या हाताचं भाजलेलं भरलं का?" मला काही माहीतच नव्हतं. कसलं भाजलेलं म्हणून विचारायचं राहिलं, नुसतं हो म्हटलं आणि बस पकडली. बुधवारी बाही वर केली तेव्हा उलगडा झाला. तुला नळ आठवतो, हात आठवतो, म्हणजे तिला काय काय करायला सांगितलंस तेही आठवतं.

गुरुवारी अकराला तिची सुनावणी आहे, खटला कुठल्या कोर्टात ते तेव्हाच ठरणार. तुझ्या डॉक्टरांना सांग की मला कोर्टात बोलायचंय. शटर ओढायला मी सांगितलं, एवढंच बोल. त्याने तुझा निकाल फिरेल आणि तू कदाचित कायमचा आत जाशील, हे कळूनच लिहितेय. लिहिताना रडले, खोटं कशाला सांगू. लहानपणी माझ्या खोड्यांचा मार तू अंगावर घ्यायचास. तुझी लेक तुझ्यासाठी तेच करतेय. पण तेव्हा तू मोठा होतास, मी लहान होते. इथे उलटं झालंय, आणि ते तुलाच सरळ करता येईल.

तू बोलला नाहीस तर मी बोलेन. तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगेन.

उत्तर राहिलं. भाजलेलं भरलेलं नाही.

तुझी धाकटी बहीण,
आणि गुरुवारी तू गप्प बसलास, तर फक्त तिची आत्या