रिकाम्या पोटी

६ जानेवारी
रक्ताच्या रिपोर्टात आकडा आठ पूर्णांक नऊ! असायला हवा अडीचच्या खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईड मंदावलाय, बाकी काही नाही. तो ताळ्यावर आला की मूल राहायला सोपं जाईल." बाकी काही नाही म्हणे! तीन वर्षं वाट बघतोय आम्ही. थकवा यायचा, केस मूठमूठ गळायचे, मी आपली स्वतःलाच आळशी म्हणून शिव्या घालत होते.

रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, मग तासभर चहासुद्धा नाही. हा म्हणाला, "मग मीही तासानंतरच घेतो. चहा होईपर्यंत दोघांनी भांडायचं नाही." नवरा माझा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठे काय अडकलंय ते शोधायचं आणि सोडवायचं, एवढंच ह्याला कळतं.

१९ जानेवारी
आमच्या दातांच्या लॅबमध्ये एक कवळी तिसऱ्यांदा परत आली. आजोबांची तक्रार — ह्या दातांनी बायकोवर ओरडता येत नाही. मालक म्हणाले, "मग बरोबर बसलीय, हात लावू नका!" बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले.

२३ फेब्रुवारी
चार पूर्णांक एक. गोळी वाढवली.

१२ एप्रिल
दोन पूर्णांक एक!!! ह्यानं रिपोर्ट फ्रीजवर चिकटवला, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा.

१ मे
धाकटी बहीण आली होती. आधी नुसतीच चुळबुळ. मग म्हणाली, "ताई, रागावणार नाहीस ना?" तिसरा महिना संपत आलाय. लग्नाला वर्षही झालेलं नाही तिच्या.

मी हसले, मिठी मारली, सगळं केलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. बाहेरून तिचा आवाज — "ताई, पाणी वाया जातंय ग!"

४ मे
गोळी घेतली नाही. काल पण नाही. कशाला घ्यायची? ती एकही गोळी न घेता... जाऊ दे. ह्याच्यासमोर तोंडात टाकली आणि बेसिनमध्ये थुंकली.

१४ मे
आज घेतली. अकरा दिवस नाही घेतली. कुणाला सांगणार नाही. इथे लिहिलंय, पुरे.

२७ मे
दोन रेघा.
दोन रेघा!
ह्याला पट्टी दाखवली तर हा तिथेच ओल्या फरशीवर बसला. म्हणे, "परत एकदा कर. यंत्राचा भरवसा नसतो." परत केली. दोन!

२९ मे
आकडा परत चढलाय — सहा पूर्णांक चार. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गोळ्या रोजच्या रोज घेता ना?"
"हो."
हा शेजारीच बसला होता. फाईलमधल्या कागदांची टोकं जुळवत राहिला. बाईंनी लगेच गोळी वाढवली. बाळाला सुरुवातीला आईचाच थायरॉईड वापरावा लागतो, म्हणाल्या. मी मनात ते अकरा दिवस परत मोजले.

१७ जून
ठोके नाहीत.

सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत बाई एकच जागा पुन्हा पुन्हा तपासत होत्या, तेव्हाच कळलं. त्या खोलीत पंखा फार आवाज करत होता. हा उठून तो बंद करायला गेला. बटण सापडेना ह्याला! भिंतीवरून हात फिरवत राहिला नुसता.

२१ जून
झालं सगळं. घरी आले.

८ जुलै
लॅबमध्ये गेले. मेणात बसवलेले दात दोनदा काढून परत बसवावे लागले. आई फोनवर म्हणते, "अजून वय आहे तुझं." धाकटीचा फोन येतो, मी उचलत नाही. तिचं पोट आता दिसत असेल.

३ ऑगस्ट
सांगून टाकलं. चहा व्हायच्या आधीच. मे महिन्यातले अकरा दिवस, बेसिन, बाईंशी खोटं — सगळं.

हा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला माहीत होतं."
"कधीपासून?"
"तेव्हापासूनच. बेसिनच्या जाळीत अडकलेली सापडली होती."
"मग बोलला का नाहीस?"
"वाटलं, तुला थोडं चिडू द्यावं. आपोआप निवळशील. मग नंतर..." खिडकीची कडी उगाच लावली, काढली ह्यानं. "नंतर वाटलं, मी तेव्हाच बोललो असतो तर!"

म्हणजे इतके दिवस दोघंही तेच ओझं वाहत होतो, एकाच घरात, वेगवेगळं. आज पहिल्यांदा हा रडला. मला तर रडूही आलं नाही.

१० ऑगस्ट
बाईंना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकणार नाही. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो." पण 'त्यामुळे नाही झालं' असंही म्हणाल्या नाहीत. ते वाक्य ऐकायला गेले होते मी.

२० सप्टेंबर
धाकटी लॅबमध्येच आली. दोन जिने चढून, धापा टाकत. समोरच्या स्टुलावर बसली. मी साच्यावरून मान वर केली नाही.
"ताई, एकदा बघ तरी माझ्याकडे."
"मला तुझं पोट बघवत नाही," मी म्हणाले.
खरंच म्हणाले. मोठ्यांदा. ब्रश धुणारी बाई थांबून बघायला लागली. धाकटी सावकाश उठली, कठडा धरधरून खाली गेली. पोचवायलाही उठले नाही मी. कसली बाई झालेय मी!

८ नोव्हेंबर
मुलगी झाली तिला. आईचा फोन. दोघी सुखरूप. हा एकटाच बघून आला. आल्यावर म्हणाला, "कान तुझे आहेत तिचे." मी भांडी घासत राहिले.

१५ नोव्हेंबर
सकाळीच धाकटीचा फोन. उचलला. आधी नुसतं रडणं. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आलाय. थायरॉईड! जन्मतःच. आजपासून रोज गोळी, नाहीतर वाढ खुंटेल. "माझ्यामुळे झालं का ग, ताई? मी काही चुकीचं खाल्लं का?"
"नाही ग. नाही. तुझ्यामुळे नाही." दहादा तरी म्हटलं असेन.
"मला जमत नाहीये, बाहेरच येते सगळी. तू ये ना."
तशीच निघाले. दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडली, धाकटीच्या दुधाच्या चार थेंबांत कालवली, बाळाला मांडीवर घेऊन गालाच्या आतून सोडली. गिळली तिनं. मग वेळ बघितली.
माझीही राहिली होती. तिथेच घेतली.