खोडलेली रेघ

मद्रास, १९९४. गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

अरुणने अमेरिकेहून पाठवलेले माझ्या व्हिसाचे कागद आज आले. त्यात त्याच्या कंपनीचा, कुटुंबीयांनी पाळायच्या नियमांचा एक कागद आहे. सातव्या नियमाखाली पेन्सिलची रेघ मारून मग रबराने खोडलेली. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. पण मी बँकेत अकरा वर्षं चेकवरची खाडाखोड पकडतेय. पकडत होते. गेल्या शनिवारी राजीनामा दिला ना!

सातवा नियम असा, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येणार नाही.

मॅनेजर बिचारे बिनपगारी रजा द्यायला तयार होते. अरुणच म्हणाला, "रजेचं लोढणं कशाला? इथे महिन्याभरात तुला बँकेत चिकटवून देतो." आणि मी ऐकलं. मूर्ख!

मघाशी कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याला फोन लावला. वाटलं, म्हणेल, वाचलंच नाही. तेही मी खरं मानलं असतं. तर म्हणतो, "आधी सांगितलं असतं, तर तू आली असतीस का?"

आले असते. पण रजा घेऊन, परतीची वाट ठेवून. तेच नको होतं का त्याला?

आत्ता पुन्हा तो कागद दिव्यासमोर धरला. रेघेच्या जागी पातळ झालाय. किती घासलं असेल!

खाली 'नियम वाचले, मान्य आहेत' म्हणून माझी सही हवी आहे. त्या जागी त्याने पेन्सिलने फुली करून ठेवलीय.

ती मात्र खोडलेली नाही.