राखाडी मासा आणि लेम्पीबाईंचं खरं बोलणं

तीर्थस्वरूप तौनोमामा यांना भाचा आर्मास याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात सध्या मोकळेच आहेत, का, ते पुढे येईल).

तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईनं कळवलं, जिवाला बरं वाटलं. ओउलूच्या दवाखान्यातली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, ही तुमची तक्रारही पोचली. इकडे सगळं ठीक. नदी उतरली, डास आले, सौनाच्या, म्हणजे आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यात त्याच पक्षिणीनं पुन्हा घरटं बांधलंय, त्यामुळे पिल्लं उडेपर्यंत आम्ही तलावात कुडकुडत अंघोळी करतोय. तुमच्या होडीला डांबर लावून ठेवलंय. आणि तुमच्या आमिषांच्या पेटीची, त्यातही तुम्ही स्वतः कोरलेल्या त्या राखाडी लाकडी माशाची, तिन्ही पत्रांतून चौकशी केलीत. जाताना 'त्याला हात लावायचा नाही' असं दोनदा बजावलंही होतंत. त्याच्याकडेच येतोय, जरा दमानं घ्या.

त्याचं असं झालं. समोरच्या काठावरच्या लेम्पीबाई (पोस्टातून निवृत्त झालेल्या, तीस वर्षं तुम्ही ज्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करता त्या) यंदा खळाळातून दिवसाआड ट्राउट काढतायत, आणि दीड किलोच्या खालचा एक नाही. माझ्या गळाला मात्र अख्ख्या महिन्यात एक बूट लागला, तोही डावा. शेवटी लाज गुंडाळून विचारलं, कशावर लागतात हो? तर शांतपणे म्हणाल्या, "राखाडी लाकडी माशावर. तुझ्या मामाकडे आहे ना, तस्साच."

आता मामा, मी सात वर्षांचा असताना तुम्हीच शिकवलंत की आपल्या गावात 'कशावर लागला?' याचं खरं उत्तर देणारा एक तर वेडा असतो, नाही तर परगावचा. लेम्पीबाई दोन्ही नाहीत. तेव्हा मी सरळ हिशेब केला की राखाडी लाकूड सोडून जगातलं कुठलंही आमिष चालेल, आणि कामाला लागलो.

आपल्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं, म्हणून आधी आमिषांतला तांब्याचा चमचा लावला. तो पहिल्याच फेकीत दगडाखाली गेला तो गेलाच. मग लाल ठिपक्यांची पितळी फिरकी. तिनं मागच्या झाडाची फांदी पकडली, आणि तिच्या बहिणीनं माझी टोपी (टोपी प्रवाहाबरोबर कुठवर गेली असेल देव जाणे, चांगली लोकरीची होती). म्हटलं, नदीच खोडसाळ, तलावावर जाऊ. तिथलं पाणी स्वच्छ, तिथे रुपेरीच पाहिजे, आणि मासा खोल असतो म्हणून वजनदार. रुपेरी चमचा सोडून होडी वल्हवत निघालो, तर असा काही धरला म्हणता! वीस मिनिटं झुंजलो, घामाघूम झालो, फोटो कुठे लावायचा तेही मनात ठरवून टाकलं. लेम्पीबाई काठावर विणत बसल्या होत्या. सुयांवरची ओळ पुरी झाल्यावर त्यांनी हाक मारून कळवलं की तो बुडालेला ओंडका आहे, आणि त्या नोकरीला लागल्या त्याच्या आधीपासून तिथेच आहे.

अशानं माझं सगळं सामान संपलं. तुमची पेटी मी फक्त बघायला म्हणून उघडली. मग फक्त हातात घेऊन बघितला. मग फक्त दोरीला बांधून. दोरी गेल्या सालचीच होती (दर वसंतात बदल, असं तुम्ही ओरडता, तीच). तिसऱ्या फेकीला ट्राउट लागला, मामा. तसा धक्का उभ्या आयुष्यात हाताला लागला नव्हता. तो पाण्याबाहेर उसळला, मी त्याला पाहिलं, त्यानं मला पाहिलं, आणि दोरी तुटली. मी तिथेच दगडावर बसून रडलो. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण रडलो. तुमच्या हातची एकच वस्तू विश्वासानं माझ्याकडे दिली होतीत आणि तीच मी घालवली. चार दिवस हे पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो.

गुरुवारी लेम्पीबाईंनी कॉफीला बोलावलं. टेबलावर राय धान्याची भाकरी, भाजलेला भलामोठा ट्राउट, आणि बशीत दोन राखाडी मासे, अगदी जुळे. एकावर माझी तुटकी दोरी लोंबत होती. त्या ट्राउटच्या जबड्यातच तो अडकलेला सापडला म्हणे. मी हात पुढे केला तर त्यांनी बशीच उचलली.

"हा तुला नाही मिळायचा," म्हणाल्या. "ज्याचा आहे त्यानं येऊन न्यावा. आणि दुसरा मी ठेवून घ्यावा असं वाटत असेल, तर ते तोंडानं सांगावं एकदा."

ट्राउट उत्तम होता. मला पोटात घाला, आणि गुडघा चालू लागला की युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाला या, एवढीच विनंती.

तुमचा (अजून असेन तर) भाचा,
आर्मास

ता. क. – पेटीतल्या मखमलीत माशाच्या आकाराचे दोन खळगे आहेत. दुसरा मासा ओंडक्याला अडकून गेला, असं तुम्ही तीस वर्षं सांगत आलात. आईला मी अजून काही बोललेलो नाही.

आणखी ता. क. – लेम्पीबाईंच्या सुयांवर लोकरीचे मोजे आहेत. माप पंचेचाळीस. माझं एकेचाळीस.

शेवटचं – निघताना त्यांनी सहज विचारलं, सणाला तौनो येणार का? तुमचा स्वभाव मी जाणतो, म्हणून खरं तेच सांगितलं: नाही, मामा काही येणार नाहीत. त्या माझ्याकडे बघून हसल्या, म्हणाल्या, मामाचाच भाचा तू, खरं कशाला सांगशील. काल त्यांनी घरातले सगळे पडदे धुवायला काढलेत.